अकराव्या किलोमीटरवरची बाई

लग्न ठरलं तेव्हा मला कोणी सांगितलं नाही की नवऱ्याला आधीच एक रस्ता आहे. सासू असते, नणंद असते, ते आपण धरून चालतो. रस्ता असतो हे कुठल्या आईने मुलीला सांगितलंय?

साडेसतरा किलोमीटर, एवढासाच. कुंभकोणमचा अरसलार नदीवरचा पूल ओलांडला की सुरू होतो, मरुदानल्लूरला भजनमठाच्या अंगाने वळतो, मग भाताची शेतं, तीन कालवे, एक वीटभट्टी, दुतर्फा चिंचेची झाडं, आणि वेट्टार नदी ओलांडून तिरुक्करुगावूरच्या देवळासमोर संपतो. पाटीवर त्याला राज्य महामार्ग म्हणतात. महामार्ग! बसला पाऊण तास लागतो आणि त्यातला पाव तास ड्रायव्हर चहा पितो. पण आमच्या रावांपुढे असं काही बोलायची सोय नव्हती. रघुनाथ राव, रोड इन्स्पेक्टर. चौतीस वर्षं ह्या एकाच रस्त्यावर. बदलीचे कागद तीनदा आले आणि तिन्हीदा साहेबांच्या पाया पडून परत पाठवले. लोक वर चढायला पाया पडतात, आमचं ध्यान जागच्या जागी राहायला पडायचं.

जेवताना मला त्या रस्त्याची वंशावळ ऐकावी लागायची. आधी म्हणे बैलगाडीची वाट होती. तिरुक्करुगावूरची अंबाळ म्हणजे गर्भ राखणारी देवी. मूल व्हावं म्हणून तिथे तूप मिळतं, बाळंतपण सुखाचं व्हावं म्हणून एरंडेल मिळतं. त्यासाठी बायका पायी जायच्या. तंजावरच्या कुठल्याशा मराठी राणीने त्यांच्यासाठी वाटेत छत्र बांधलं, म्हणजे फुकट जेवायची, निजायची सोय. रावांचे खापरपणजोबा त्या छत्रात स्वयंपाकी होते. आमच्या घराण्याचा दरबाराशी संबंध एवढाच, भाताच्या हंड्यापुरता, पण राव असे सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं दिवाणच होते. पुढे जिल्हा बोर्डाने खडी टाकली, मग डांबर आलं, मग डांबरावर डांबर. "राजी, रस्ता मरत नाही," म्हणायचे, "तो नुसता वर वर चढत जातो." मी म्हणायची, ताटातला भात खाली खाली चाललाय तिकडे बघा.

ह्या रस्त्याच्या अकराव्या किलोमीटरला, किलोमीटरच्या दगडासमोरच, एक सुमैतांगी आहे. आमच्याकडच्या लोकांना सांगायला नको, पण तुम्हाला सांगते. दोन उभे दगड आणि त्यांवर एक आडवा. डोक्यावर भारा घेऊन जाणाऱ्याने कोणाची मदत न मागता तिथे ओझं सरकवायचं, घाम पुसायचा, आणि पुन्हा मान खाली घालून उचलायचं. म्हणून तो दगड बरोबर डोक्याच्या उंचीचा असतो. पण तो कोणी सहज उभारत नाही. पोटुशी बाई पोटातल्या मुलासकट मेली, तर तिच्या नावाने तिच्या घरचे उभारतात. ती ओझं न उतरवता गेली ना, म्हणून. येणारा जाणारा तिथे आपलं ओझं उतरवेल तेव्हा तिचंही घटकाभर उतरतं.

अकरावरची बाई कोण होती ते कोणालाच ठाऊक नव्हतं. देवळाला जाता जाता भर दुपारी रस्त्यातच गेली, एवढंच. रस्ता चढत गेला आणि दगड बुडत गेला. मी लग्न होऊन आले तेव्हा आडवा दगड कमरेला लागायचा. अलीकडे तर गुडघ्याला लागत होता. त्यावर शेळ्या बसायच्या.

आणि तिथला रस्ता दरवर्षी खचायचा. तेवढाच, वीसेक हात. माती तपासली, पाणी तपासलं, सगळं ठीक. तरी पावसाळा नसताना, गाड्यांची वर्दळ नसताना, वर कोणी प्रचंड ओझं घेऊन उभं राहिल्यासारखा दबायचा. मग राव तिथे खडी टाकायचे, डांबर टाकायचे. त्याने रस्ता आणखी चढायचा आणि दगड आणखी बुडायचा. बसचे ड्रायव्हर तिथे समोर कोणी नसताना हॉर्न वाजवायचे. दुपारी बाराच्या सुमाराला डोक्यावर घागर घेतलेल्या बायका तेवढा तुकडा शेतातून जायच्या. कशाला म्हणून विचारलं तर "मान दुखते तिथं" म्हणायच्या, झालं.

राव रोज दुपारचा डबा तिथेच खायचे. ऊन असो, वारा असो, अकराव्या किलोमीटरला, चिंच नंबर दोनशे चौदाच्या खाली. दहीभाताचा पहिला घास त्या दगडावर ठेवायचे. मला हे सगळं रस्त्यावर खडी वाहणाऱ्या गँगमधल्या बायकांकडून कळलं. मी काय गप्प बसणारी? "कोण आहे ती अकरावरची? मला नाही तो दहीभात तिला पहिला?" असं मी डबा भरताना रोज टोमणा मारायची. बाकी कशावरही हे उसळायचे, पण ह्यावर नाही. खाली मान घालून चपला घालायचे. मला वाटायचं, बायकोचा टोमणा म्हणून सोडून देतात. तीस वर्षं मी थट्टा करत होते आणि ती थट्टा नव्हती, हे मला ह्या वैशाखात कळलं.

ह्या वर्षी मे महिन्याच्या एकतीस तारखेला राव निवृत्त व्हायचे होते. आणि त्याच महिन्यात रस्ता रुंद करायचा हुकूम आला. आड येणाऱ्या गोष्टींची यादी रावांनीच करायची होती: एकसष्ट चिंचा, तीन छोटी देवळं, एक पाणपोई, एक सुमैतांगी. रावांनी त्यापुढे लिहिलं, "हलवून पुन्हा उभारणे." वरून कोणीतरी ते खोडलं. ठेकेदाराचा मुकादम सुब्रह्मण्य मात्र भला माणूस. म्हणाला, "सार, तुम्ही जागा दाखवा, माणसं माझी."

घरी आमची शरण्या बाळंतपणाला आली होती. एकुलती एक. कोयंबतूरला दिलीय. आधीची दोन पोटं तिची तिसऱ्या महिन्यातच गेली होती. हे तिसरं आठ महिने टिकलं होतं, आणि मी श्वास सुद्धा जपून घेत होते. अंबाळचं एरंडेल आणून ठेवलं होतं. जिने चढू नकोस, वाकू नकोस, शिंकू नकोस. पोर म्हणायची, "आई, शिंक पण विचारून?" मी म्हणायची, हो, विचारून.

माझंही तसंच झालं होतं, म्हणून ही धास्ती. एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या वैशाखात माझं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं. काही कारण नाही, पडले नाही, झडले नाही. दुपारी भांडी घासत होते आणि पोट एकदम जड झालं, कोणी वरून दगड ठेवावा तसं. नर्सने ओल्या फडक्यात गुंडाळून न्यायला घेतलं तेव्हा मी म्हटलं, एकदा हातात दे. दिलं तिने. एवढंसं होतं आणि किती जड होतं, बाई गं! मग घेऊन गेली. त्यानंतर आणखी एक गेलं, आणि मग चार वर्षांनी शरण्या. त्या चार वर्षांत मी तिरुक्करुगावूरला किती फेऱ्या मारल्या त्याला गणती नाही. ह्यांच्याच रस्त्याने.

वीस मेला सुमैतांगी उपटायला घेतली. राव सकाळीच गेले. दुपारी तीनला घरी आले ते पांढरेफटक. हातपाय न धुता ओसरीवर बसले. मी पाणी दिलं, तर भांडं हातात तसंच.

"काय झालें?" मी विचारलं.

"दगड खाली फार होता, राजी," म्हणाले. "खणत गेलों, खणत गेलों. बाजूला माझा सगळा रस्ता दिसला. वर माझ्या हातचं डांबर, थरावर थर. मग जुनं डांबर, मग खडी, मग विटांचा चुरा, मग मुरूम, मग चाकोरीची काळी माती. तिथे, पार खाली, दगडावर अक्षरं होती. कोणाला वाचता येईनात. सुब्रह्मण्य म्हणाला, सार, हे तमिळ नाही."

"मग?"

"आपलं होतं. बाळबोध. मराठी."

रावांनी खिशातून कागद काढला. त्यावर उतरवून आणलं होतं: मीनाक्षीबाई, गरोदर, येथें राहिली. जाणाऱ्यानें ओझें येथें उतरवावें, तिचेंही उतरेल.

"बिचारी," मी म्हटलं. "आपल्यातलीच की. अंबाळला निघाली असेल."

"मला ठाऊक होतं ती आपल्यातली आहे," राव म्हणाले.

आणि मग त्यांनी ते सांगितलं. एकतीस वर्षं पोटात ठेवलेलं.

चौऱ्याण्णवचा वैशाख, कत्तिरीचं, म्हणजे आमच्याकडचं मे महिन्यातलं भाजणारं ऊन. अकराव्या किलोमीटरला डांबर पसरायचं काम. डांबर निवायच्या आत रोलर फिरायला हवा, म्हणून ह्यांची घाई. बारा वाजले असतील. मागून कोणी म्हणालं, "अण्णा, जरा हात लावा. उतरवायचें आहे." वळून बघतात तर एक बाई, गरवार, डोक्यावर बोचकं, चुंबळीवरून पाणी गळतंय. ह्यांनी म्हटलं, "तिथे दगड आहे ना, त्यावर ठेव." ती बघत राहिली. पुन्हा म्हणाली, "तो खालीं गेला, अण्णा. मला वाकवत नाहीं." ह्यांनी पुन्हा तेच सांगितलं, जरा ओरडून, आणि रोलरवाल्याकडे वळले. परत बघतात तर कोणी नाही. दोन्हीकडे वीस वीस हात ताजं, मऊ, काळं डांबर. त्यावर एक पाऊल उमटलेलं नाही.

"संध्याकाळी सायकलवरून घरी येताना माझ्या ध्यानात आलं," राव म्हणाले, "ती मराठीत बोलली होती."

मला क्षणभर कळेना. "आणि तुम्ही?"

"मी तमिळमध्ये उत्तर दिलं. दोन्ही वेळा."

हे पुण्या-मुंबईच्या माणसाला कळणार नाही. आमचं साडेतीनशे वर्षांचं हाड असं झालंय की उंबऱ्याच्या आत मराठी, उंबऱ्याच्या बाहेर तमिळ. पाय बाहेर पडला की जीभ आपोआप फिरते. बाजारात सख्खा भाऊ भेटला तरी आम्ही तमिळमध्ये बोलतो आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. त्या बाईने ह्यांना ओळखलं होतं, आपलं माणूस म्हणून. म्हणून तर ह्यांनाच हाक मारली, एवढ्या गँगमध्ये. आणि आपल्या माणसाने तिला परक्यासारखं उत्तर दिलं. तिला कळलं तरी असेल का ते?

"हे कधीचं?" मी विचारलं, पण मला ठाऊक होतं.

"मंगळवारचं. तू भांडी घासत होतीस, तो मंगळवार."

अय्यो! मी काय सांगू माझ्या डोक्यात काय झालं ते. एकतीस वर्षं मी मलाच कोसत होते. जड बादली उचलली का, आंबट खाल्लं का, कोणाची नजर लागली का. सासूने जन्मभर मला तेच ऐकवलं आणि मी खाली मान घालून ऐकलं. देवळाच्या दारात तूप चाटत बसले. आणि हा माणूस सगळं गिळून रोज एका दगडाला दहीभात भरवत होता. माझ्या हातचा!

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार होतों?" एवढंच बोलले.

त्या दिवसापासून मी ह्यांच्याशी तमिळमध्ये बोलायला लागले. घरात. स्वयंपाकघरात. "साप्पिड वांगो," म्हणजे जेवायला या, असं म्हणून ताट ठेवायची. दूधवाल्याशी बोलतात तसं, अगदी मानाने. आमच्यात ह्याच्यापुढे शिवी नाही. पहिल्या दिवशी राव ताटावरून अर्धे उठले. शरण्याने विचारलं, आई, काय गं हे? मी म्हटलं, ज्याला जी भाषा आवडते ती त्याला.

पण दगड उपटल्याचं खरं दुखणं दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. तिन्ही दगड रस्त्याच्या कडेला आडवे पडलेले, सात-आठ हातांवर नवी जागा ठरलेली, आणि सिमेंटचं मशीन आज येतं, उद्या येतं. एकवीस तारखेला दुपारी बाराला खडीचं घमेलं नेणारी सरोजा नावाची बाई मध्येच थांबली आणि खाली बसली. म्हणाली, कोणीतरी माझ्या घमेल्यावर आणखी एक ठेवलं. बावीसला दुसरी बसली. तेवीसपासून बायकांनी दुपारी तिथे पाय ठेवायचं बंद केलं.

आणि तेवीसलाच बारा वाजता आमची शरण्या झोपाळ्यावर बसली होती, ती कपाळ धरून म्हणाली, "आई, डोक्यावर काय ठेवलंस?"

मी तिच्या मागे उभी होते. माझे दोन्ही हात रिकामे होते.

"काही नाही ठेवलं."

"ठेवलंयस. जड आहे. ओलं आहे."

मी तिचं डोकं चाचपलं. केस कोरडे होते. पाऊण वाजता ते गेलं. दुसऱ्या दिवशी बाराला पुन्हा आलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेली, तर रक्तदाब चढलेला. ह्या महिन्यात रक्तदाब चढणं बरं नाही, बाळाला आणि आईला दोघांना धोका, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला ते सगळं समजलं. पण तो बरोबर बाराला का चढतो ते मी त्यांना विचारलं नाही.

घरी आल्यावर मी रावांना तमिळमध्येच म्हटलं, "दगड उभा करा." ते म्हणाले, "करतोंच आहे." रोज पहाटे जात होते बिचारे, रोज मशीनवाल्याच्या हातापाया पडत होते. पण मला बिचारे म्हणवेना.

एकतीस तारीख उजाडली. ह्यांचा नोकरीचा शेवटचा दिवस. ऑफिसात हार तयार होता म्हणे. राव तिकडे फिरकले नाहीत, सरळ अकरावर गेले. मशीन अखेर सकाळी आलं, पण सुरू होईना. इकडे आठ वाजता शरण्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, आणि आम्ही तिला नर्सिंग होममध्ये नेली. जावई विश्वेश रात्रीच्या गाडीने येऊन पोचला होता, तिची सासूही होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबण्यात अर्थ नाही, दुपारी ऑपरेशन करून मूल काढू. शरण्या माझा हात धरून एकच म्हणत होती, "बारा वाजू देऊ नका, आई. बाराच्या आत करा."

साडेअकराला तिच्या रक्तदाबाचा आकडा बघून नर्स पळतच आत गेली. बारा वाजून दोन मिनिटांनी शरण्याने डोळे उघडले आणि म्हणाली, "गेलं." मानेवरून हात फिरवला. "आई, कोणीतरी घेतलं."

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कोणी घेतलं?

तेवढ्यात माझा फोन वाजला. सुब्रह्मण्य. "अम्मा, लगेच या. सार उभे आहेत. हलत नाहीत, बसत नाहीत. काहीतरी बोलतायत, आम्हाला कळत नाही. तमिळ बोलतच नाहीत, अम्मा."

चौतीस वर्षांत त्या रस्त्यावर ह्यांनी मराठीचा शब्द काढला नव्हता.

शरण्याला आत नेत होते. मी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि रिक्षा पकडली. पोरीला तसं सोडून जाताना माझं काय झालं ते माझं मला ठाऊक. अरसलारचा पूल, मरुदानल्लूर, वीटभट्टी. हा रस्ता मला इतका लांब कधीच वाटला नव्हता, आणि तिरुक्करुगावूरला तर मी दोन रिकामी पोटं घेऊन ह्याच रस्त्याने गेले होते.

अकरावर माणसं कडं करून उभी होती, लांबून. मध्ये राव. खड्डे खणलेले, दगड आडवे पडलेले, आणि हे त्यांच्यामध्ये ताठ उभे. दोन्ही हात डोक्यावर, काहीतरी धरल्यासारखे. डोक्यावर काही नव्हतं. पण मान खांद्यात रुतलेली, गळ्याच्या शिरा टरारलेल्या, आणि दोन्ही पाय दाबून बसवलेल्या खडीत घोट्यापर्यंत गेलेले. चेहऱ्यावरून पाणी गळत होतं. घाम असावा असं मी स्वतःला सांगितलं.

"राजी," मला बघून म्हणाले, "ती आली होती. ह्या वेळीं मी मराठींत बोललों."

मी कडं ओलांडून पुढे गेले.

"म्हणाली, अण्णा, हात लावा. मी म्हटलं, बाई, दगड नाहीं, दे माझ्या डोक्यावर. दिलंन् तिनें." दम खात खात बोलत होते. "फार जड आहे गं."

सुब्रह्मण्य पुढे झाला, म्हणाला, अम्मा, सारना हात खाली करायला सांगा, ऊन लागलंय. त्याने ह्यांच्या कोपराला हात लावला तसे हे केवढ्यांदा ओरडले! "टाकायचें नाहीं! लेकरूं आहे!"

ते काय म्हणाले ते तिथे मला एकटीलाच कळलं. पण सगळे मागे सरले.

मग मी वळले आणि सुब्रह्मण्यला तमिळमध्ये जे झाडलं ते त्याच्या सात पिढ्या विसरणार नाहीत. बघत काय उभे राहिलात, दगड उचला! खांब खड्ड्यात सोडा! मशीन कसलं बघताय, दगडगोटे भरा आणि ठोका! आठ माणसं धावली. सरोजा आणि बाकीच्या बायकाही आल्या, ज्यांनी आठ दिवस भर दुपारी तिकडे फिरकायचं नाव काढलं नव्हतं. एक खांब बसला. दुसरा बसला. आडवा दगड वर चढवताना एकदा निसटला, पुन्हा उचलला. राव डोळे मिटून उभे होते आणि त्यांचे गुडघे लटलटत होते. मला वाटलं, हा माणूस आता मरतो. रागावलेली बायको म्हणून सांगते, मला वाटलं, मी अकरा दिवस ह्याच्याशी धड बोलले नाही आणि हा आता मरतो.

दगड बसला. बरोबर डोक्याच्या उंचीवर.

रावांना पाय उचलता येईना. मी खडीत उतरले, त्यांच्या समोर उभी राहिले आणि हात वर केले.

"या," मी म्हटलं. मराठीत. "मी हात लावतें. दोघं मिळून उतरवूं."

राव रडायला लागले. मी म्हटलं, आता नको, आधी पाऊल उचला. एक, दोन, तीन पावलं. माझे हात त्यांच्या हातांशेजारी होते आणि हातांना फडकं लागलं. ओलं, आणि ऊन. खोटं बोलत असेन तर माझी जीभ झडो. आम्ही ते दगडावर ठेवलं. आडव्या दगडाने एक आवाज काढला, दमलेलं माणूस खाली बसताना काढतं तसा, आणि दोन्ही खांबांच्या बुडाची माती बोटभर दबली. ते सगळ्यांनी बघितलं. मग राव खालीच बसले.

दगडावर चुंबळीएवढं ओलं वर्तुळ उमटलं होतं. आमच्या डोळ्यांदेखत उन्हाने ते वाळलं. सरोजाने हात जोडले.

फोन वाजला. विश्वेश होता. मुलगी झाली, पावणेएकला, दोघी सुखरूप. बोलता बोलता रडत होता वेडा.

रिक्षात मी रावांच्या मानेला माझा ओला पदर लावून बसले होते. मान आजही पुरती वर होत नाही. डॉक्टर म्हणतात मणक्याची झीज, वयाने होते. असेल. हार घ्यायला ऑफिसात गेलेच नाहीत. तो दुसऱ्या दिवशी शिपाई घरी घेऊन आला, सुकलेला.

आता दुपारचं जेवण घरात होतं. पण ही एक नवी खोड लागलीय. रस्त्यात कोणी डोक्यावर ओझं घेऊन दिसलं की राव आधी मराठीत विचारतात, "हात लावूं का?" आणि मग तमिळमध्ये. लोकांना वाटतं, म्हातारा चळला. वाटू दे. मी त्यांना गप्प बसा म्हणत नाही. उलट मीही शेजारी उभी राहते, कोणी मराठीत उत्तर देतंय का बघत.

एक गोष्ट मात्र मी रावांना सांगितलेली नाही. त्या दिवशी दगडावर जे उतरवलं त्याचा भार माझ्या हातांना ओळखीचा होता. आयुष्यात तेवढं जड मी एकदाच हातात घेतलंय, चौऱ्याण्णवच्या वैशाखात, ओल्या फडक्यात, आणि तेव्हा कोणी नीट ठेवू दिलं नव्हतं. आपलंही त्या दिवशी उतरलं, हे सांगितलं तर त्यांना बरं वाटेल, ठाऊक आहे मला. पण ते एकतीस वर्षं गप्प बसले. मीही बसेन थोडी, दिवाळीपर्यंत तरी. मग सांगेन.